खाडीतल्या जेटीचा विस्तार, कोळसा आणि गाळउपसा: जनसुनावणीत नेमकं काय मांडायचं?

डोलकर_वाडी

नमस्कार मंडळी,

रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीच्या तोंडाशी आमची वाडी आहे. बहुतेक घरांची डोल (खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं), काहींची वाणा नि पाग ही जाळी, बायकांची कालवं-तिसऱ्या (शिंपल्यांतली मासळी). पलीकडच्या काठाला एक खासगी जेटी आहे. तिची मंजूर क्षमता वर्षाला १५ लाख टन, माल बॉक्साइट आणि चुनखडी. आता ती ४५ लाख टनांवर न्यायचा प्रस्ताव आहे आणि वाढीव मालात २० लाख टन कोळसा आहे. जहाज बाहेर नांगरावर उभं राहणार, माल बार्जमधून (सपाट तळाच्या मालवाहू बोटींतून) आत येणार. बार्ज मोठ्या आणायच्या म्हणून ४ किलोमीटर लांब आणि १२० मीटर रुंद चॅनेल, म्हणजे बोटींचा मार्ग, ३ मीटरने खोल करणार आहेत.

जनसुनावणीला २६ दिवस उरलेत. मराठी सारांश मिळाला, मूळ अहवाल इंग्रजीत, ६०० पानांच्या वर. सारांशात लिहिलंय: उपसायचा गाळ १४.४ लाख घनमीटर, कोळशाचे ट्रक दिवसाला २४२, मासेमारीवरचा परिणाम 'नगण्य'. आमच्या डोलींचे खुंट एकाही नकाशात नाहीत.

वाडीत दोन मतं आहेत. काही जण म्हणतात सुनावणीवर बहिष्कार टाकू, ग्रामसभेचा ठराव पुरेसा आहे. काही म्हणतात बोलायला हवं, पण काय बोलायचं ते कळत नाही. माझे प्रश्न असे:

१. हे प्रकरण दिल्लीला जाणार की मुंबईला?
२. ६०० पानांतलं नेमकं काय वाचायचं?
३. डोलींचा मुद्दा कसा मांडायचा की तो कागदावर राहील?
४. मंजुरी मिळालीच तर पुढे काय?

---

नस्ती

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यावर बाकीचं अवलंबून आहे.

१४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरण आघात मूल्यांकन) अधिसूचनेत बंदरं, लाटरोधक बांध आणि गाळउपसा हे सगळं ७ (ई) या नोंदीत येतं. वर्षाला ५० लाख टन किंवा त्याहून जास्त क्षमता असेल तर 'अ' वर्ग, म्हणजे दिल्लीचं पर्यावरण मंत्रालय. त्याखाली 'ब' वर्ग, म्हणजे राज्याचं पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण. तुमचे ४५ लाख टन उंबरठ्याच्या आत बसतात. पण एक अट तपासा: संरक्षित क्षेत्र किंवा राज्याची सीमा ५ किलोमीटरच्या आत असेल तर 'ब' वर्गाचा प्रकल्पही केंद्राकडे जातो. शिवाय आराखड्याच्या नकाशात 'भविष्यातील विस्तार' अशी मोकळी चौकट दिसते का पाहा. दिसली तर लेखी विचारा की अंतिम क्षमता किती धरली आहे आणि परिणामांचा अभ्यास त्या अंतिम क्षमतेवर का केला नाही. टप्प्याटप्प्याने ५० लाखांपलीकडे जायचं असेल तर ते आजच नोंदवलं गेलं पाहिजे.

बहिष्काराबद्दल स्पष्ट सांगतो: टाकू नका. अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीला गणपूर्तीची अट नाही. दहा माणसं आली तरी ती झाली असं धरतात. आणि ते मतदानही नाही, त्यामुळे हात वर करून प्रकल्प पडत नाही. ग्रामसभेचा ठराव जरूर करा, पण त्यात 'आमचा विरोध आहे' एवढंच वाक्य असेल तर मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीपुढे कंपनीचं उत्तर एका ओळीत संपतं. अहवालाच्या अमुक पानावरचा अमुक आकडा चुकीचा आहे, असं लिहिलंत की समितीला त्याचं उत्तर मागावंच लागतं.

आता जाहिरात तपासा. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी, एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात यावी लागते. दोन्हींच्या तारखा काढून ठेवा. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ इथे वाचायला ठेवलेला असला पाहिजे. तिथे जाऊन तो खरंच आहे का ते बघा, नसेल तर त्याच दिवशी लेखी तक्रार करून पोच घ्या. एक सावधगिरी: कायद्याने मराठीत फक्त सारांश लागतो. 'पूर्ण अहवाल मराठीत नाही' हा मुद्दा नैतिकदृष्ट्या शंभर टक्के खरा आहे, पण सगळी ताकद त्याच्यावर लावू नका, कायद्यात तो टिकत नाही.

काय वाचायचं? आधी कार्यकक्षेचं पत्र, म्हणजे अहवालात कशाकशाचा अभ्यास करायचा ते सांगणारं, ज्याला सगळे 'टीओआर' म्हणतात. ते अहवालाला जोडलेलं असतं आणि सुरुवातीलाच एक तक्ता असतो: टीओआरचा मुद्दा, त्याचं उत्तर, पान क्रमांक. त्या तक्त्यातल्या प्रत्येक पानावर जाऊन उत्तर खरंच आहे का पाहा. 'पूर्तता केली' असं लिहून जिथे पाठवतात त्या पानावर भलतंच काही असतं, हे फार वेळा आढळतं. मग आधारभूत मोजमापांच्या (हवा-पाण्याच्या आजच्या स्थितीच्या) तारखा बघा. मंजुरीसाठी प्रस्ताव जातो तेव्हा ती मोजमापं तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाहीत.

विस्ताराचा प्रस्ताव असल्याने तुमच्या हातात आणखी एक चांगली गोष्ट आहे. जुन्या मंजुरीच्या अटी पाळल्या का, याचा मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाने तपासलेला अहवाल लागतो. महाराष्ट्रासाठी ते कार्यालय नागपूरला आहे. कंपनीलाही सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यावे लागतात आणि ते संकेतस्थळावर ठेवावे लागतात. जुनी मंजुरी घ्या, तिच्या अटी एकेक करून वाचा. 'जेटीभोवती हरितपट्टा' म्हटलं असेल आणि तिथे आज उघडी माती असेल तर तारीख आणि जागा दिसेल असा फोटो काढा. पंधरा लाख टनांच्या अटी पाळल्या नाहीत त्याला पंचेचाळीस लाख का द्यायचे, या प्रश्नाला समितीकडे सोपं उत्तर नसतं.

---

लाटमापक

गाळाचा आकडा आधी बघू. ४,००० मीटर × १२० मीटर × ३ मीटर म्हणजे बरोबर १४,४०,००० घनमीटर. याचा अर्थ त्यांनी चॅनेल उभ्या भिंतींच्या पेटीसारखं धरलं आहे. मऊ चिखलात उभी भिंत राहत नाही, बाजूला उतार द्यावाच लागतो. उतार १:५ धरला तर ३ मीटर खोलीला प्रत्येक बाजूने १५ मीटर रुंदी वाढते. दोन्ही बाजूंच्या त्रिकोणांचं क्षेत्रफळ मिळून ४५ चौरस मीटर, गुणिले ४,००० मीटर, म्हणजे १,८०,००० घनमीटर. शिवाय ड्रेजर (गाळ उपसणारं जहाज) नेमक्या पातळीला थांबत नाही. ३० सेंटीमीटर जादा खणणं धरलं तर आणखी १,४४,०००. बेरीज साधारण १७.६ लाख घनमीटर. म्हणजे गाळ २२ टक्क्यांनी जास्त, आणि चॅनेलची वरची रुंदी १२० ऐवजी १५० मीटर. हे तीस मीटर कुठल्या डोलींच्या खुंटांवर येतात ते नकाशावर मोजा. चिखल फारच मऊ असेल तर १:५ उतारही टिकत नाही, तो १:८ किंवा १:१० लागतो. त्यामुळे भूस्तर तपासणीचे बोअर किती घेतले आणि कुठे, हे विचारा. चार किलोमीटरच्या चॅनेलसाठी जेटीजवळचे दोन-तीन बोअर पुरेसे नाहीत.

दुसरी गोष्ट कणांचा आकार. वाळू असेल तर उपसताना उडालेली काही मिनिटांत तळाला बसते. पण १० मायक्रॉनचा गाळाचा कण १० मीटर पाण्यात बसायला एक दिवसाहून जास्त घेतो. तेवढ्यात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होऊन जातात. खाऱ्या पाण्यात कणांचे गठ्ठे बनून ते जरा लवकर बसतात, तरी कोकणातल्या खाड्यांचा तळ मुख्यतः बारीक चिखलाचा आहे हे विसरू नका. अहवालात 'गढूळपणा २०० मीटरच्या आत मर्यादित राहील' असं वाक्य असेल तर विचारा: कणांचा आकार कोणता धरला, आणि भरती उधाणाची (मोठी) होती की भांगाची (लहान)? भांगाला प्रवाह कमी असतो, त्या दिवशीची मोजमापं घालून संगणकावरचं प्रारूप चालवलं की गढूळपणाचा ढग आपोआप लहान दिसतो. पाण्याचे नमुने उधाण आणि भांग, भरती आणि ओहोटी, पृष्ठभाग आणि तळ, असे सगळे हवेत. तक्त्यात फक्त तारखा दिल्या असतील तर त्या तारखांची तिथी तुम्हीच काढा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. हे तुमच्या वाडीत कुणीही बसल्या जागी सांगेल आणि सुनावणीत त्याचं वजन पडेल.

तिसरं, गाळ टाकणार कुठे? 'खोल समुद्रात नियोजित ठिकाणी' हे उत्तर नाही. अक्षांश-रेखांश, पाण्याची खोली, किनाऱ्यापासूनचं अंतर आणि त्या जागी टाकलेला गाळ परत खाडीकडे येतो का याचा अभ्यास, एवढं तरी हवं. असे अभ्यास आपल्याकडे पुण्याच्या खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था करते, किंवा गोव्याच्या दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. दुसऱ्या कुणी केला तरी हरकत नाही, पण प्रारूप प्रत्यक्ष मोजलेल्या प्रवाहाशी जुळवून पाहिलं का, त्याचा आलेख अहवालात असला पाहिजे. गाळाची धातूंसाठी आणि तेलकट अंशासाठी तपासणी झाली का तेही पाहा. जेटीजवळचा गाळ वर्षानुवर्षं सांडलेल्या मालाने भरलेला असतो, तो आणि बाहेरचा गाळ एकाच दराने मोजू नये.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे देखभालीचा उपसा. खाडी एकदा खोल केली की ती पुन्हा भरू पाहते. दरवर्षी किती गाळ भरेल, तो कोण कधी काढेल, कुठे टाकेल? अधिसूचनेत देखभालीच्या उपशाला वेगळी मंजुरी लागत नाही, पण त्याला अट आहे: तो मूळ प्रस्तावाचा आणि त्याच्या पर्यावरण व्यवस्थापन आराखड्याचा भाग असला पाहिजे. म्हणून आकडा आजच लिहून घ्या. आज आकडा नसेल तर पुढे 'देखभाल' या नावाखाली काहीही चालतं.

आणि खाजणं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनी. चॅनेल खोल झालं की भरतीचं पाणी कमी अडथळ्याने आत शिरतं. उधाणाची पातळी आतल्या भागात किती सेंटीमीटर वाढते हे प्रारूपातून काढता येतं. खारं पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीच्या बांधांची उंची आणि ती वाढ समोरासमोर ठेवून बघा. बार्जच्या लाटांनी बांधाचा पायथा खचतो तो वेगळाच; त्यासाठी वेगमर्यादेची अट मागा.

---

सुकाणू

मी यार्ड (कोळसा साठवायची जागा) आणि वाहतुकीपुरतं लिहितो.

दिवसाला २४२ ट्रक हा आकडा कसा आला ते आधी पाहू. २० लाख टन भागिले ३३० दिवस, म्हणजे ६,०६० टन. २५ टनाचा ट्रक धरला तर २४२. दोन चुका आहेत. एक, ट्रक रिकामा परत येतो, म्हणजे रस्त्यावर ४८४ फेऱ्या. दोन, नांगरावर जहाजातून बार्जमध्ये माल उतरवणं पावसाळ्यात होत नाही. जून ते ऑगस्ट धरून कामाचे दिवस २७० च्या आसपासच उरतात. मग दिवसाला ७,४०७ टन, २९६ भरलेले ट्रक, ५९२ फेऱ्या. रोज २० तास वाहतूक चालली तर दर दोन मिनिटांना एक ट्रक. शाळेसमोरच्या रस्त्याची रुंदी किती आणि हे गणित त्या रस्त्यावर कसं बसतं, एवढाच प्रश्न विचारा. पावसाळ्यातही ट्रक चालू ठेवायचे असतील तर मे अखेर यार्डात मोठा साठा करावा लागतो. तसं असेल तर साठ्याचा आकडा सांगा म्हणावं. दोन्ही बाजूंनी सोयीचं गणित चालणार नाही.

साठा म्हटला की पावसाचं पाणी आलं. समजा यार्ड ४ हेक्टर आहे, म्हणजे ४०,००० चौरस मीटर. कोकणात एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस ही काही अपूर्वाई नाही. ४०,००० × ०.२ म्हणजे ८,००० घनमीटर काळं पाणी एका दिवसात. आता अहवालातल्या निवळण टाकीचं माप काढा. ३० × २० × २ मीटर असेल तर ती १,२०० घनमीटरची. उरलेलं थेट खाडीत जाणार. टाकीचं माप वार्षिक सरासरी पावसावर काढलेलं असतं, तिथेच गोम असते. मागणी अशी करा: जवळच्या पर्जन्यमापन केंद्रावरच्या सर्वाधिक एकदिवसीय पावसावर टाकीचं माप काढावं, यार्डाभोवती गटार असावी आणि टाकीतला गाळ मेमध्ये काढल्याची नोंद दाखवावी.

धूळ. बार्जमधून ग्रॅबने (क्रेनच्या जबड्याने) कोळसा उचलताना सर्वात जास्त सांडतो तो बार्ज आणि जेटीच्या मधल्या फटीत. तिथे सांडपट्टी, म्हणजे तिरका पत्रा, लावला की तो माल परत बार्जमध्ये जातो. खर्च किरकोळ आहे, तरी अट नसेल तर कुणी लावत नाही. ग्रॅबचे जबडे झिजले की फटीतून माल गळत राहतो, म्हणून जबड्यांच्या तपासणीची नोंद मागा. जेटी ते यार्ड वाहतूक डंपरने की बंद कन्व्हेयरने? २० लाख टनाला डंपर परवडतो, पण धुळीचा मोठा भाग डंपरच्या चाकांखालीच तयार होतो. बंद कन्व्हेयर, ढिगाच्या उंचीला मर्यादा, ढिगाहून उंच वारारोधक जाळी, फाटकावर चाकं धुण्याचा हौद आणि वाऱ्याचा वेग ठरावीक मर्यादेपुढे गेला की ग्रॅब बंद, या पाच गोष्टी लेखी घ्या. पाणी मारण्यासाठी दिवसाला किती पाणी लागेल आणि ते कुठून आणणार, हेही. मार्च-एप्रिलमध्ये गावालाच टँकर येत असेल तर त्या आराखड्यावरचे फवारे प्रत्यक्षात चालणार नाहीत.

हवेची केंद्रं कुठे होती ते नकाशावर बघा. फेब्रुवारी ते मे दुपारचा वारा समुद्रावरून, पश्चिम-वायव्येकडून येतो. यार्डाच्या पूर्व-आग्नेयेला जी वस्ती आहे तिच्यावर धूळ जाणार. केंद्र तिथे नसेल आणि किनाऱ्यावरच्या देवळापाशी असेल तर ते मोजमाप तुमच्यासाठी निरुपयोगी आहे. राष्ट्रीय मानक २००९ चं आहे: पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण) साठी २४ तासांची सरासरी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, वर्षाची ६०, पीएम २.५ साठी ६० आणि ४०. आजच आकडा ८०-८५ असेल तर कोळशाची भर पडून तो मर्यादेत कसा राहतो, ते विचारा. आठवड्यातून दोनदा अशी १२ आठवडे मोजणी म्हणजे प्रत्येक केंद्राचे २४ आकडे हवेत. फक्त किमान, कमाल आणि सरासरी दिली असेल तर कच्चे आकडे मागा.

केंद्राने मे २०२३ मध्ये 'हरित सागर' ही हरित बंदरांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०३० पर्यंत टनामागे कार्बन उत्सर्जन ३० टक्के कमी, निम्म्याहून जास्त यंत्रसामग्री विजेवर, २० टक्के हरित क्षेत्र वगैरे. ती मुख्यतः केंद्राच्या मोठ्या बंदरांसाठी आहेत, तुमची जेटी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येते. त्यामुळे बंधनकारक म्हणून त्यांचा दाखला देऊ नका. पण 'सरकार जे स्वतःच्या बंदरांना सांगतं ते इथे किती?' हा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर इतिवृत्तात जातं.

---

तिवर

सीआरझेडचं, म्हणजे सागरकिनारा नियमन क्षेत्राचं, कुणी लिहिलं नाही म्हणून.

अहवालात १:४,००० प्रमाणातला नकाशा असतो, त्यावर उच्चतम आणि निम्नतम भरतीरेषा आणि प्रकल्पाची जागा दाखवलेली असते. तिवरांचा पट्टा १,००० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर त्याभोवती ५० मीटरचा संरक्षक पट्टा धरावा लागतो. नकाशात तो पट्टा आखला आहे का, आणि यार्ड, रस्ता, कन्व्हेयरचे खांब त्यात येतात का, एवढं तपासा. 'झुडपी वनस्पती' किंवा 'पडीक दलदल' असं जिथे लिहिलंय तिथे स्वतः जाऊन पाहा. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर राज्यात सार्वजनिक हिताच्या कामाशिवाय तिवरांना हात लावता येत नाही. खासगी जेटीच्या कोळशाला सार्वजनिक हित म्हणायचं का, हे कंपनीने सिद्ध करायचं आहे. तोड होणारच असेल तर २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेप्रमाणे किमान तिप्पट लागवड लागते, पण ती कुठे? त्याच खाडीत जागा नसेल तर तुमच्या कोळंबीला दुसऱ्या तालुक्यातल्या रोपांचा काय उपयोग?

आता डोलींबद्दल. 'आमचं नुकसान होईल' असं म्हणू नका, तक्ता द्या. प्रत्येक डोलीच्या खुंटाचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर घ्या, एका दिवसात होतं. त्यासमोर मालकाचं नाव, नौकेचा नोंदणी क्रमांक, मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना, कुठल्या महिन्यात काय मिळतं. कालवांच्या खडकांची आणि तिसऱ्यांच्या पट्ट्यांची वेगळी यादी, गोळा करणाऱ्या बायकांच्या नावांनी. त्यांच्याकडे परवाना नसतो म्हणून त्या नेहमी गळतात. मच्छीमार सोसायटीकडे मागच्या तीन वर्षांच्या विक्रीच्या पावत्या असतील तर जोडा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मच्छीमार गणनेत गाववार कुटुंबांचे आकडे असतात. अहवालातला आकडा त्याच्याशी ताडून पाहा. मग हे सगळे बिंदू त्यांच्याच चॅनेलच्या नकाशावर टाका. लाटमापक म्हणतात त्या १५० मीटरच्या आत किती खुंट येतात, त्यापलीकडे ५०० मीटरमध्ये किती, हे दोन आकडे नकाशावर आले की 'नगण्य' हा शब्द टिकणं अवघड.

यादीचं महत्त्व का? राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने २७ फेब्रुवारी २०१५ ला जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांनी मिळून उरण परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार. ते गणित उभं राहिलं ते कुटुंबांचा आकडा हातात होता म्हणून. काम झाल्यावर 'आधी इथे काय होतं' हे सिद्ध करणं फार जड जातं. सुनावणीच्या इतिवृत्ताला जोडलेला तक्ता हा तुमचा सर्वात जुना सरकारी पुरावा ठरेल.

---

डोलकर_वाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. खुंटांच्या नोंदी घ्यायला उद्यापासून लागतो, भांगाचे दिवस आहेत त्यामुळे बरं पडेल. दोन गोष्टी अजून विचारतो. सुनावणीच्या दिवशी नेमकं काय करायचं? आणि वाडीतले जे लोक 'काम होऊ दे, पण आमच्या अटींवर' म्हणतात त्यांनी काय मागावं? विरोध आणि अटी एकत्र मांडल्या तर विरोध कमकुवत होतो का?

---

नस्ती

होत नाही. निवेदनाचे दोन भाग करा. पहिल्यात अहवालातल्या चुका आणि त्यावरून 'हा अहवाल अपुरा आहे, अभ्यास पुन्हा करावा' अशी मागणी. दुसऱ्यात 'वरील हरकत कायम ठेवून' असं स्पष्ट लिहून अटी.

त्या दिवशी अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या खाली नसलेला अधिकारी असतो, सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी. निवेदन आदल्या दिवसापर्यंत मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात देऊन आवक क्रमांक घ्या, आणि सुनावणीत दुसरी प्रत हातात द्या. मुद्दे माणसांत वाटून घ्या: एकाने गाळ, एकाने ट्रक, एकीने कालवं-तिसऱ्या, एकाने यार्डाचं पाणी. प्रत्येकाने पान क्रमांक वाचून एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर आकड्यात मागायचं. सगळं चित्रित होतं. कंपनीचा माणूस 'आम्ही बंद कन्व्हेयर करू' असं बोलला तर लगेच विचारा: किती मीटर, कधीपर्यंत, किती खर्चाचा? २०२० च्या सप्टेंबरमधल्या मंत्रालयाच्या परिपत्रकानंतर सुनावणीत दिलेली आश्वासनं खर्च आणि मुदतीसह व्यवस्थापन आराखड्यात घालावी लागतात. मोघम आश्वासन तिथे मोघमच उतरतं.

शेवटी इतिवृत्ताचा सारांश मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे आणि त्यावर त्याच दिवशी सही होते. तोपर्यंत कुणी उठायचं नाही. बहुतेक लोक बोलून झालं की शेवटच्या बोटीला निघतात आणि तेव्हाच मुद्दे 'ग्रामस्थांनी पर्यावरणाबाबत चिंता व्यक्त केली' एवढ्या ओळीत मावतात. तुमचा मुद्दा सुटला असेल तर तिथेच उभं राहून घालायला लावा.

यानंतर वेळ फार नसतो. वाढवण बंदराची सुनावणी १९ जानेवारी २०२४ ला झाली आणि पर्यावरण मंजुरी १६ फेब्रुवारीला, म्हणजे २८ दिवसांत. उलट बाजूचं उदाहरणही आहे: मुरगाव बंदराच्या चॅनेल खोलीकरणाला जनसुनावणीशिवाय मिळालेली मंजुरी हरित लवादाने २०१६ मध्ये रद्द केली आणि २०१७ मध्ये वास्कोत सुनावण्या घ्याव्या लागल्या. तुमच्या सुनावणीनंतर परिवेश संकेतस्थळावर राज्य समितीच्या बैठकींची कार्यक्रमपत्रिका दर आठवड्याला बघत राहा. प्रस्ताव यादीत दिसला की निवेदनाची प्रत समितीच्या सचिवांना पुन्हा पाठवा. सागरकिनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणालाही वेगळी पाठवा, तिथे सीआरझेडचा भाग स्वतंत्रपणे जातो.

मंजुरी मिळाली तर कंपनीला ७ दिवसांत दोन स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी लागते. लवादाकडे अपिलाची मुदत ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी जास्तीत जास्त ६० दिवस. ९० दिवसांनंतर लवादालाही माफी देता येत नाही. त्यामुळे वकील मंजुरीनंतर शोधू नका, आत्ताच शोधून कागद त्यांच्याकडे ठेवा.

---

लाटमापक

उपशाच्या अटींबद्दल, 'आमच्या अटींवर' म्हणणाऱ्यांसाठी. उपसा सुरू होण्याआधी किमान एक उधाण आणि एक भांग धरून पाण्यातल्या गढूळपणाची नैसर्गिक पातळी मोजावी. मग डोलींच्या बाजूला आणि तिसऱ्यांच्या पट्ट्यावर दोन स्वयंचलित मापकं ठेवावीत आणि नैसर्गिक पातळीच्या किती वर गेलं की ड्रेजर थांबेल तो आकडा मंजुरीतच लिहावा. 'आवश्यकतेनुसार गाळपडदा (गाळ अडवायला पाण्यात सोडलेला पडदा) लावू' याला अर्थ नाही. खाडीच्या तोंडाशी प्रवाह जोरात असेल तर गाळपडदा उभा राहतच नाही, तिरका होऊन गाळ खालून निघून जातो. हॉपर ड्रेजर (गाळ स्वतःच्या टाकीत भरून नेणारा) असेल तर भरल्यावर वरून पाणी सोडून देणं, म्हणजे ओव्हरफ्लो, खाडीच्या आत बंद ठेवावं. त्याने फेऱ्या वाढतात, म्हणून कंत्राटदार नाखूश असतो. ३,००० घनमीटरच्या हॉपरमध्ये निम्मं पाणी धरलं तर १७.६ लाख घनमीटरला जवळपास १,१७५ फेऱ्या. प्रत्येक फेरीचा जीपीएस मार्ग आणि गाळ टाकल्याची जागा दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला सांगा. गाळ मध्येच टाकून वेळ वाचवणं हा या कामातला सर्वात जुना प्रकार आहे आणि तो फक्त मार्गाच्या नोंदीतून पकडता येतो.

उपशाचे महिनेही ठरवून घ्या. पावसाळी मासेमारीबंदीचा काळ 'मासेमारी नाही, म्हणून उपसा करू' असं सुचवलं जातं. तोच काळ अंडी घालण्याचा आणि पिल्लांनी खाडीत शिरण्याचा आहे. जून ते सप्टेंबर उपसा नको.

---

सुकाणू

एक छोटी भर. तेलगळतीचा आराखडा अहवालात असतो, त्यात ७०० टनांपर्यंतच्या गळतीची पहिली जबाबदारी बंदराची असते, त्यापुढे तटरक्षक दल. आराखड्यात तेल अडवणाऱ्या तरंगत्या बूमची लांबी लिहिलेली असेल. खाडीच्या तोंडाची रुंदी मोजा आणि बूम तेवढी पुरते का बघा. शिवाय ती कुठे ठेवली आहे आणि टाकायला बोट कोणती, तेही. बार्जच्या तळातलं तेलकट पाणी घ्यायला जेटीवर टाकी आहे का आणि ते पाणी कुठल्या अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जातं, त्याच्या मागच्या वर्षाच्या पावत्या मागा. १५ लाख टनांच्या बार्ज आज चालतातच, म्हणजे पावत्या असल्याच पाहिजेत.

---

तिवर

@डोलकर_वाडी, खुंटांच्या नोंदी घेताना प्रत्येक बिंदूचा फोटो ओहोटीला घ्या, खुंट उघडा दिसतो. तक्त्यावर सोसायटीच्या अध्यक्षांची आणि ग्रामसेवकांची सही-शिक्का घ्या, आणि मत्स्यव्यवसाय परवाना अधिकाऱ्यांना एक प्रत देऊन पोच ठेवा. वारा उत्तरेचा असेल तर तोंडाजवळचे खुंट सकाळीच उरका.